तेर्सातली एक ओळ

"कार्मेलीन, तू चुलीकडेच ऱ्हव गो. हयसर येव नको," रोझालीन म्हणाली, आणि ते तिने अगदी मायेने म्हटले, म्हणूनच ते कार्मेलीनच्या काळजात जास्त रुतले.

रोझालीन म्हणजे सोफीची मादीन, बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला हातांवर घेतलेली. उद्या सोफीचे लग्न आणि आज दुपारी रोस. नारळाचा घट्ट रस नवरीच्या कपाळाला, गालांना, दंडांना लावायचा. तो लावायचा मान सवाष्णींचा. विधवेचा हात लागता कामा नये, मग ती नवरीची जन्मदाती का असेना! ही रीत देवाची नव्हे, असे पाद्रींनी इगर्जीत एकदा सोडून तीनदा सांगितले होते. लोकांनी भक्तिभावाने आमेन म्हटले आणि घरी येऊन रीत पाळली.

सकाळपासून नारळ खवले ते कार्मेलीननेच, वाटून पिळले तेही तिनेच. पिळणारा हात चालत होता, लावणारा चालत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती ओले हात साडीला पुसत राहिली. मांडवात पाटावर बसलेल्या सोफीने एकदा आईकडे पाहिले... आणि नजर खाली घातली.

ती खाली जाणारी नजर कार्मेलीनच्या सवयीची होती.

बावीस वर्षांपूर्वी, सोफी रांगतही नव्हती तेव्हा, खवळलेल्या दर्यात तिचा नवरा इनास होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. असल्या वाऱ्यात ह्याला धाडला कोणी, असे किनाऱ्यावर जमलेल्या बायका विचारू लागल्या. सासू, फिलोमिना, वाळूत बसली होती. दात वाजत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. गोव्याहून आपला भाऊ जेवायला येणार, त्याच्या ताटात ताजी इसवण मासळी हवी, हा हट्ट तिचाच होता. कार्मेलीनने तर नवऱ्याचा हात धरून रडून नको म्हटले होते. पण त्या घटकेला म्हातारीकडे पाहून तिला वाटले, एकुलता एक लेक गेला, त्यावर हा ठपकाही आला तर ही तिन्हीसांज बघायची नाही... आणि ती बोलून गेली, "मीच धाडलंय."

देव सगळे बघतो, तो बघून घेईल, या एका भरवशावर तिने तो शब्द टाकला होता. देवाने काय बघितले ते त्याचे त्यालाच ठाऊक. गावाने मात्र तिला चांगलेच बघून घेतले. घोवाला खाल्लेली, हे नाव तिला कायमचे चिकटले. तिच्या भावाने सावंतवाडीचे दुसरे स्थळ आणले, ते तिने सासूसाठी परतवले आणि डोक्यावर माशांची पाटी घेतली. फिलोमिना आधी भीतीने गप्प राहिली, मग सवयीने. सोफी दहा वर्षांची असताना शाळेतून रडत आली आणि तिने विचारले, पप्पांना तूच धाडलेस का? आत तांदूळ निवडणारे फिलोमिनाचे हात थांबले. कार्मेलीन त्या हातांकडे बघत होय म्हणाली. त्या दिवसापासून पोर आईचे अंथरूण सोडून आजीच्या कुशीत निजू लागली.

रोज तिन्हीसांजेला घरात तेर्स व्हायचा, माळेची प्रार्थना. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आमच्या अपराधांची क्षमा कर' ही ओळ आली की फिलोमिनाला खोकला यायचा, नाहीतर हातातली माळ गळून पडायची. मग सोफीच्या ध्यानात येऊ नये म्हणून कार्मेलीन आवाज चढवून ती ओळ एकटीच म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरे, पण झाकणाऱ्या हाताला किती रग लागते ते कोणी विचारत नाही.

रोझालीनने वाटीत बोटे बुडवली, तोच मांडवाच्या कडेच्या खुर्चीवरून आवाज आला, "थांब."

फिलोमिना काठी टेकत उभी राहिली होती. लग्नाआधी घरातल्या सगळ्यांनी पापांची कबुली द्यायची म्हणून सकाळी तीही पाद्रींपुढे गुडघे टेकून आली होती, बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि आल्यापासून तिने पेजेला तोंड लावले नव्हते.

"इनासाक मियां धाडलंय," ती म्हणाली. "माका भावाक इसवण वाडूचा होता. ही त्येचो हात धरून रडत होती... आनि मी बावीस वरसां हिच्या पदराखाली लपान ऱ्हवलंय."

शेजारच्या यशोदेने तोंडाला पदर लावला. सोफी पाटावरून उठली आणि दारापर्यंत आली. एवढी वर्षे का सांगितले नाहीस, एवढेच ती विचारू शकली.

"तुका निजाक तिचीच कूस होती गो," कार्मेलीन म्हणाली. "ती खंयच्या तोंडान काडून घेव?"

सोफीने आईचा हात धरून वाटीत बुडवला आणि आपल्या गालावर ठेवला. कोणी रीत काढली नाही. या गालावरून आपण शेवटचा हात कधी फिरवला होता, ते कार्मेलीनला काही केल्या आठवेना! उद्या या वेळेला लेक सासरी गेलेली असेल... आज मिळाली आणि उद्या चालली. तिच्या गालावर रोस कुठला आणि आसवे कुठली, ते मग कळेनासे झाले.

तिन्हीसांजेला तिघी क्रुसापुढे बसल्या. प्रार्थना नेहमीसारखी चालली होती. ती ओळ आली आणि कार्मेलीनचाच आवाज थांबला. आजवर ती ओळ तिने सासूला झाकण्यासाठी म्हटली होती. आज झाकायचे काही उरले नव्हते, आज ती खरी म्हणायची होती, आणि डोळ्यांपुढे इनासची होडी पुन्हा एकदा किनारा सोडत होती... गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून त्याने मागे वळून हात केला होता. तिला ती ओळ म्हणवेना.

मग फिलोमिना ती ओळ म्हणाली, अडखळत, बावीस वर्षांत पहिल्यांदा, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. आणि म्हणताना ती क्रुसाकडे नव्हे, सुनेकडे बघत होती. तिच्या हातातली माळ खाली पडली.

कार्मेलीनने ती उचलून सासूच्या हातात दिली, त्या हातावर आपला रोसाच्या वासाचा हात ठेवला आणि पुढची ओळ सुरू केली.