पाण्याच्या ट्यूबमधली रेघ

मी बुक केलेल्या मशीनपुढे तो उभा होता, आणि वर शीळ घालत होता. लॅबमधला नवा टेक्निशियन. मी बुकिंगची वही त्याच्या नाकासमोर धरली. त्याने शांतपणे वेळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ... आणि म्हणाला, "अजून चार मिनिटं माझी आहेत."

होती. तिथून माझं डोकं जे सणकलं ते सणकलंच.

मनातल्या मनात मी त्याला शीळबहाद्दर म्हणायला लागले. घरी रोज त्याची गाऱ्हाणी. शेवटी आई म्हणाली, भाजीत मीठ जास्त पडलं तरी तुला तोच कसा गं आठवतो? मी ताटावरून उठले.

माझं काम होतं एक चाचणी बसवायचं. तान्ह्या बाळाच्या रक्तात एक जंतू आहे की नाही, हे दोन तासांत सांगणारी. तिचे प्रायमर मी स्वतः बेतले होते. प्रायमर म्हणजे डीएनएचे वीस-बावीस अक्षरांचे दोन तुकडे. ते जंतूच्या डीएनएला नेमक्या जागी चिकटले की मशीन त्या भागाच्या नकला काढत सुटतं आणि पडद्यावरची रेघ वर चढते. एका ट्यूबमध्ये मुद्दाम नुसतं पाणी घालतात. तिथे रेघ आडवीच राहायला हवी.

ती चढली. एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा ट्यूब त्याने भरल्या होत्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच प्रमुखबाईंकडे गेले आणि लेखी तक्रार दिली, की याच्या हाताला शिस्त नाही, पाण्यात जंतूचा डीएनए सांडतोय. बाईंनी सोमवारपासून त्याची बदली स्टोअरमध्ये केली. त्याने ऑर्डर वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि... ती घडी घालून खिशात ठेवली. मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच संताप आला. भांडत का नाही हा माणूस?

शुक्रवारी मी सगळं स्वतः केलं. नवे ग्लोव्ह्ज, नवं पाणी. रेघ चढलीच. तेव्हा कुठे मी शेवटची पायरी चालू केली. वीस मिनिटं वाचवायला ती मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवली होती. त्यात मशीन तयार झालेला डीएनए हळूहळू तापवतं आणि त्याचे जोडलेले दोन धागे किती अंशांना सुटतात ते दाखवतं. जंतूचा शहाऐंशीला सुटला. पाण्यातला चौऱ्याहत्तरला. आखूड तुकडे लवकर सुटतात. म्हणजे तो जंतू नव्हताच, कसला तरी आखूड तुकडा होता.

मी माझ्या प्रायमरची फाईल उघडली. एकाच्या टोकाला सी-ए-जी-टी, दुसऱ्याच्या टोकाला ए-सी-टी-जी. उलटसुलट धरले की ए समोर टी, सी समोर जी, असं अक्षराला अक्षर जुळतं. दोघं जंतूला सोडून एकमेकांनाच चिकटत होते आणि मशीन त्यांच्याच नकला काढत बसलं होतं. हात त्याचे नव्हते चुकले. डोकं माझं चुकलं होतं.

तो ड्रॉवर रिकामा करत होता. मी त्या अक्षरांचा कागद पुढे टाकला. त्याला नवल वाटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यांदा रेघ चढली त्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलं. प्रायमर वाचले."

"मग बोलला का नाहीस?" अहो-जाहो कधी सुटलं, मला कळलंही नाही.

पुढच्या आठवड्यात कामाचा आढावा घ्यायला समिती येणार, तो सांगत होता. डिझाईनच चुकलं म्हटलं तर तुमचं दोन वर्षांचं काम दुसऱ्या गटाकडे जाईल. हात चुकले म्हटलं तर नुसता मी जातो.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा? ही चाचणी अशीच बाहेर गेली असती तर धडधाकट बाळाला आजारी ठरवलं असतं. दहा-दहा दिवस सुया टोचल्या असत्या त्याला. त्याचा विचार केलास?"

त्याचा चेहरा उतरला. "नाही केला..." तो म्हणाला. "फक्त तुमचाच केला."

कान तापले. मी त्याला तडक बाईंच्या केबिनमध्ये नेलं आणि त्याच्यासमोर सांगितलं, तक्रार खोटी ठरली, चूक माझी आहे. बाईंनी चष्मा काढला. बदली रद्द, म्हणाल्या, पण समितीला हे कळवावं लागेल. काम तुझ्याकडे राहील की नाही, सांगता येत नाही. मी मान डोलावली.

बाहेर आल्यावरही राग उतरत नव्हता. "माझ्या बाबतीत पुन्हा असा गप्प बसलास तर तंगडी मोडीन," मी म्हटलं. "चुकले तर तोंडावर सांगायचं. रोज. आयुष्यभर."

तो थबकला. "आयुष्यभर?"

"हो. आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

त्याने माझ्या हातातला दुसरा कागद ओढून घेतला. नवे प्रायमर मी त्यावर घाईघाईत खरडले होते. त्याचं बोट ओळीवरून सरकत गेलं... थांबलं. "मग आत्तापासूनच. हा दुसरा प्रायमर स्वतःच्याच अंगावर दुमडतोय."

मी कागद हिसकावून घेतला. पाहिलं. खरंच दुमडत होता. इतका राग आला मला, की मी त्याचा हात धरला आणि कॉम्प्युटरपाशी पोचेपर्यंत सोडला नाही.