लायनेलकडचा मुक्काम

दार नीट लावलंय ना? मग ऐका पोरांनो, आणि मध्ये कुणी हसू नका. माझ्या शेजारच्या क्लेमंट प्यूच्या बाबतीत घडलेलं आहे हे. पबांमधले बिअरचे पंप दुरुस्त करायचा, तोच क्लेमंट.

गेल्या वर्षी अठरा नोव्हेंबरला, मंगळवारी, त्याला लायनेलचा फोन आला. लायनेल म्हणजे त्याच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला जिवलग मित्र. वर डोंगरात ‘काळा मेंढा’ नावाचा पब चालवतो. पंपातून नुसता फेस येतोय म्हणाला.

पंपाला तसं काही झालंच नव्हतं. एक वॉशर बदलला, संपलं काम. क्लेमंट हत्यारं आवरायला लागला, तर लायनेलने त्याचा कोटच उचलून आत नेला.

“धुकं बघ बाहेर. या वयात खड्ड्यात जायचंय का, म्हाताऱ्या?”

“तूच ढकलशील, लेका!”

शेकोटीपाशी खुर्ची, मेंढीच्या मटणाचा रस्सा, हवी तेवढी बिअर. लायनेलची बायको हेस्टर तीनदा वाढायला आली, पण एकदाही त्याच्याकडे बघेना. वरची खोली तयारच होती. कडक इस्त्रीच्या चादरी, उशाशी बिस्किटं, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. आपल्यासाठी एवढं केलं, म्हणून क्लेमंटला अगदी भरून आलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली.

पायथ्याशी गादी खचली होती. कुणीतरी बसलं होतं.

“लायनेल?”

श्वास ऐकू येत होता. ओला. सावकाश.

“लायनेल म्हणाला…” अंधारातून आवाज आला. “…तू नेशील मला.”

क्लेमंट दाराकडे धावला. दार उघडेना. बाहेरून कडी. खालच्या फटीत उजेड होता. त्या उजेडात दोन सपाता. लायनेलच्या.

“लायनेल, उघड! आत कुणीतरी आहे!”

सपाता हलल्या नाहीत.

“अरे, मी आहे… क्लेम!”

“माहितेय रे…” लायनेल रडत होता. “सकाळपर्यंतच. सात महिने डोळ्याला डोळा नाही आमच्या. पाहुण्याबरोबर जातं म्हणतात…”

“बोलू नकोस त्याच्याशी,” हेस्टर नवऱ्याला म्हणाली.

उजेड गेला. पावलं गेली.

मागे गादी करकरली.

सकाळी सहाला कडी निघाली. क्लेमंट तसाच दाराला कपाळ टेकून उभा होता. खाली टेबलावर अंडी, बेकन, टोस्ट मांडलेलं. लायनेल पाठमोरा, ग्लास पुसत होता.

“खाऊन जा,” तो म्हणाला.

क्लेमंटने कोट चढवला.

“नुसतं सांगितलं असतंस ना, लायनेल… तर मी आपण होऊन राहिलो असतो.”

लायनेल ग्लास पुसतच राहिला.

आठवड्याने त्याचा फोन आला. “झोप लागते रे आता,” एवढंच बोलला. क्लेमंटने फोन ठेवला. चाळीस वर्षांची दोस्ती तिथेच संपली.

महिन्यापूर्वी क्लेमंट मुलीकडे राहायला गेला. घराची किल्ली माझ्याकडे आहे. परवा संध्याकाळी त्याचं टपाल उचलायला गेलो, सहज वर त्याच्या झोपायच्या खोलीत डोकावलो. घर बंद, बर्फासारखं गार. गादीला पायथ्याशी खळगा पडलेला.

मी हात लावला.

उबदार होता.