आवाजबंद खोलीतली कबुली

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कानवाली बाई सोफेवाल्याचा मापाचा टेप परत करायला निघाली. टेप महिनाभर तिच्या टेबलाच्या खणात पडून होता आणि आणखी वर्षभर पडला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण भांडायला जायचं तर हातात काहीतरी निमित्त लागतं, आणि बाईला कडाकडा भांडायचं होतं.

तिला सगळे कानवालीच म्हणत. दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, अगदी टोकाला, ती लोकांचे कान तपासायची. तिच्या खोलीत आणखी एक खोली होती. कपाटाहून जराशी मोठी, जाड दाराची, आतून सगळीकडे स्पंज लावलेली. पेशंट आत हेडफोन घालून बसे. काचेच्या अलीकडे ही मायक्रोफोनसमोर, तोंडापुढे पुठ्ठा धरून, म्हणजे ओठ वाचून कुणी लबाडी करू नये. ती एक शब्द बोले, पेशंटने तोच परत म्हणायचा. आतला स्पंज फाटला तेव्हा तो बदलायला सोफेवाला आला होता. तिथून ओळख, मग चहा, मग आठ महिने.

बाई तशी तोंडाची फटकळ, पण मनातलं सांगायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. त्या पुठ्ठ्याआडच काय ती सुटायची. म्हणून महिन्यापूर्वी तिने त्याला गमतीने आत बसवलं. "पाणी," ती म्हणाली. "पाणी," तो म्हणाला. "चावी." "चावी." मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "माझं प्रेम आहे तुझ्यावर."

त्याने हेडफोन काढले, दार ढकललं आणि गेला. फोन नाही, निरोप नाही. त्याच्याआधी औषधाच्या दुकानातला माणूस असाच गेला होता. त्याच्याही आधी गणिताचे मास्तर. तिघांनाही तिने तिथेच सांगितलं होतं, तसंच, पुठ्ठ्याआडून. थोरली बहीण म्हणायची, "पुरुषांची जातच तशी गं. मिळालं की नको होतं." दोनदा कानवालीने ते ऐकून घेतलं होतं. तिसऱ्यांदा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

सोफेवाला दुकानात एका खुर्चीवर कापड ताणत होता. ओठांत बारीक खिळे धरलेले.

"टेप," ती म्हणाली.

त्याने मानेनेच सांगितलं, ठेव तिथे.

"ठेव तिथे? महिनाभर फोन उचलत नाहीस आणि ठेव तिथे? मी काय मागितलं होतं रे तुझ्याकडे? एक वाक्य बोलले. नको होतं तर नको म्हणायचं! तोंडात मिठाची गुळणी धरून पळून काय गेलास? मी काय तुला खाणार होते?"

त्याने एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला. "पळालो नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण त्याच्या आधीच उत्तर आलं... हेडफोनमध्ये."

"कुणाचं?"

"माझंच. माझाच आवाज. म्हणाला, माझंही. इतक्या मायेने म्हणाला... मला तसं जमलंच नसतं. आणि तो बोलून झाल्यावर..." त्याने छातीवर हात ठेवला. "इथे काही उरलंच नाही. काचेपलीकडे तू दिसत होतीस. मला वाटलं, कोण बरं ही बाई."

"थापा मारायच्या तर निदान पटतील अशा मार!"

पण बोलता बोलताच तिला मास्तर आठवले. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं होतं, आत आणखी कुणी बसतं का? तेव्हा तिला ती पळवाट वाटली होती. आता त्या दुपारच्या उन्हातही तिच्या मानेवर काटा आला, आणि काटा आला म्हणून ती आणखीच चिडली. आपल्या हक्काचं कुणीतरी मधल्यामध्ये गिळतंय आणि आपण इतकी वर्षं या बिचाऱ्यांना शिव्या घालतोय?

तिच्या कामात एक नियम होता. निकाल पटला नाही तर तपासणी पुन्हा करायची. तिने त्याचं मनगट धरलं. "चल. आता मी आत बसते, तू बोल. बघू कोण मध्ये बोलतं ते."

तो मुकाट्याने आला. त्याने जरा तरी आढेवेढे घ्यायला हवे होते, असं तिला वाटत राहिलं.

दार बंद झालं तशी बाहेरच्या बाकड्यांवरची कुजबुज, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं एकदम पुसलं गेलं. आत डिंकाचा आणि जुन्या रबराचा वास होता. तिला स्वतःचा आवंढा ऐकू येत होता. रागाने धडधडणारं काळीज ऐकू येत होतं. येच तू, ती मनात म्हणाली. तुझी गाठ माझ्याशी आहे.

काचेपलीकडे त्याने पुठ्ठा उलटा धरला होता.

"पाणी," तो म्हणाला.

"पाणी."

"चावी."

"चावी."

मग गावांची यादी वाचावी तशा कोरड्या आवाजात तो म्हणाला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर."

तिने तोंड उघडलं. पण दोन्ही कानांत, अगदी जवळून, तिचाच आवाज हळुवारपणे म्हणाला, "माझंही..."

एवढंच. मग तिने आपला राग शोधला. महिनाभर जेवताना, झोपताना जो सोबत होता तो राग. सापडला नाही. काचेपलीकडे कापडाचे धागे चिकटलेला एक माणूस बसला होता. चेहरा बरा होता.

ती बाहेर आली. "तुम्ही निघा आता. माझे पेशंट थांबलेत."

"बरं, मॅडम," तो म्हणाला आणि गेला.

पुढच्या नंबरला एक आजी होत्या. कानवालीने त्यांना आत बसवलं, हेडफोन नीट घातले, दार लावलं आणि आपल्या जागी येऊन बसली. शिट्ट्या ऐकवणारं यंत्र अजून चालू केलं नव्हतं. आजी मात्र मान कलती करून ऐकू लागल्या. त्यांच्या बोलण्याचा आवाज तिच्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आला.

"अगं, कुणीतरी बाई ओरडतेय इथे. काय चिडलीय! दार उघडा म्हणतेय... पुरुष पण आहेत. तिघं. ते तिला समजावतायत..."

"काय म्हणतायत?" कानवालीने कागदावर तारीख घालत विचारलं.

"म्हणतायत, घसा कोरडा करू नका. इथलं बाहेर ऐकू जात नाही..." आजींनी हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबले. "पोरी... ती रडतेय गं. आणि तिचा आवाज... अगदी तुझ्यासारखा आहे."

"बारीक शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा हं, आजी," कानवाली म्हणाली, आणि तिने यंत्र चालू केलं.