दोन मिलिमीटर मोठा

जुना सिलिंडर उजेडात धरून पाहिला आणि मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. लाकूड कापायची मशीन तीस वर्षांची, पण सिलिंडरला आतून एक ओरखडा नव्हता.

"वहिनी, हा ठणठणीत आहे. बदलायचा कशाला?"

लाकूडतोड्याची बायको सकाळपासून समोरच्या स्टुलावरून हलली नव्हती. लोक मशीन टाकून आपल्या कामाला जातात. ही मात्र मशीनवरून नजर काढत नव्हती. दोन मिलिमीटर मोठा सिलिंडर आणि पिस्टन तिनंच कुठूनसा मिळवून आणला होता.

"मोठाच बसवा. यात दम पुरत नाही."

"पण चालवणार कोण?"

तिच्या नवऱ्याच्या छातीवर झाड पडल्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून तो अंथरुणाला खिळून होता.

"कोणीच नाही," ती म्हणाली.

कुठंतरी पाणी मुरतंय, मिस्त्रींना वाटलं. नवरा पडून असताना ही मशीन परस्पर विकायला तर निघाली नाही? पण नसती उठाठेव नको म्हणून ते कामाला लागले. जुनं गॅस्केट खरवडलं, नवा पिस्टन लावला, रिंगा बोटांनी दाबून वरून सिलिंडर सरकवला. चारही बोल्ट आवळले. प्लग तेवढा बसवायचा राहिला होता.

ते हात पुसत असतानाच पिस्टन खाली गेला.

मग वर आला.

मशीन सुरू करायची दोरी कोणी ओढली नव्हती. टेबल कलतं असेल म्हणून त्यांनी मशीनखाली लाकडाची चीप सारली. पिस्टन खाली गेला. वर आला.

त्यांनी प्लगच्या भोकावर तळहात ठेवला. कातडी आत ओढली गेली, मग सुटली. धातू थंडगार होता. हवा मात्र कोमट होती.

वहिनी सकाळपासून पहिल्यांदाच हसली.

आपल्याला कोणी बनवतंय, असं वाटून मिस्त्री चिडले. त्यांनी प्लग उचलला आणि गच्च आवळला.

पिस्टन अर्ध्यावर थांबला.

तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता ती उठून उभी राहिली.

"प्लग काढा, भाऊ." आवाज अगदी हळू. "सासूबाई म्हणतात, ते निळे पडतायत."

पाना दोनदा निसटला. अखेर प्लग निघाला. भोकातून एक लांब सुस्कारा आला.

फोनमधून म्हातारी ओरडली, "आला गं, श्वास आला!"

वहिनीनं मशीन चादरीत गुंडाळली, भोक उघडं ठेवून छातीशी धरली आणि ती गेली.

प्लग मिस्त्रींच्या हातातच राहिला. त्याचं टोक ओलं होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

पेट्रोलचा वास नव्हता. खोकल्याच्या औषधाचा होता.