चार पावलांवरचं धोतर

"आमचं नाना बुडाल्यालं न्हाईत, म्याडम. त्यांचं काय केलंय ते माझ्या भावालाच इचारा."

मढच्या सासरहून पहिल्या एसटीनं आलेल्या स्नेहलनं घोडेगावच्या ठाण्यातल्या टेबलावर भावाकडून आणलेली पिशवी उपडी केली. आतून धोतर, सदरा, टोपी आणि वहाणा निघाल्या. सगळं स्वच्छ, कोरडं.

उपनिरीक्षक ज्योत्स्ना रोकडे यांच्या कानावर प्रकरण आलेलंच होतं. स्नेहलचा भाऊ अमृत आणि त्याची बायको शीला म्हाताऱ्या रखमाजी नानांना समुद्र दाखवायला मालवणला घेऊन गेले. मंगळवारी नानांना किनाऱ्यावर बसवून दोघं बोटीनं बेटं बघायला गेली. परत आली तर किनाऱ्यावर नुसते कपडे. तिकडचे पोलीस अजून समुद्र धुंडाळत होते, आणि आज शुक्रवार उजाडला होता.

"संशय कशावरून?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"धरणाच्या काठाला जन्म गेला, पर नाना कधी गुडघाभर पाण्यात उतरलं न्हाईत. दोन वर्सं झाली, त्यास्नी काय आठवत न्हाई. घरचा रस्ता बी इसरत्यात. म्हणून मी परत्येक सदऱ्याला आतून माझा मोबाईल नंबर काढून दिलाय." तिनं सदरा उलटा केला. आत लाल दोऱ्यानं भरलेले दहा आकडे होते. "माझ्याकडं धाडा म्हणून कितीदा सांगितलं. भाऊ म्हणायचा, लेकीच्या दारात बाप ठिवला तर गाव तोंडात शेण घालंल."

ज्योत्स्नाबाईंची दोन वर्षं रत्नागिरीकडच्या ठाण्यांत गेली होती. त्यांनी मालवणच्या त्या बोटवाल्याचा नंबर मिळवून त्याला फोन लावला. गडी वैतागलेला होता. म्हातारा त्यानं पाहिलाच नव्हता. हे जोडपं मात्र त्याला चांगलं आठवत होतं. सकाळी नऊला बोटीपर्यंत लांबवर वाळू तुडवावी लागली म्हणून बाईनं किती कुरकुर केली! दोनला त्यानं सगळ्यांना थेट सुरूच्या झाडांशी उतरवलं, तर त्याचं कौतुक कुणाला नाही.

ज्योत्स्नाबाईंनी फोन ठेवला आणि स्नेहलला जीपमध्ये बसवलं.

अमृतचा धंदा धरणाच्या फुगवट्यावर होता. पाण्यात बुडालेल्या टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिलेले, त्यांना 'बेटं' म्हणून तो पुण्याच्या पाहुण्यांना बोटीतून फिरवायचा. काठाला तंबू होते आणि तंबूंपुढं पाहुणे मिसळ ओरपत होते. बाप जाऊन तीन दिवस झालेल्या घराची ही अवस्था बघून ज्योत्स्नाबाईंच्या कपाळावर आठी चढली. अमृत समोर आला तेव्हा त्याचं गुळगुळीत डोकं उन्हात चमकत होतं.

"डोकं कधी भादरलंत?"

"काल. दहावा करायचाय ना, म्याडम."

"तिकडं शोध चालू आहे अजून."

"आता काय घावनार हाय?" त्यानं डोळे पुसले. डोळे कोरडेच होते.

ज्योत्स्नाबाईंनी वही उघडली.

"घरून कधी निघालात?"

"सोमवारी दुपारी. रातभर गाडी हाणली, सकाळी थेट किनाऱ्यावं."

"नानांनी कपडे कधी काढले?"

"आमी बोटीत बसायच्या आदी. आंघूळ करतो म्हणलं. पाण्यापासनं चार पावलांवं घडी घालून ठिवली. मी डोळ्यानं बघितलं."

"दुपारी परतलात तेव्हा?"

"तितंच. पाण्यापासनं चार पावलं. घडी बी मोडली नव्हती."

"कुणी हलवले असतील."

"न्हाई हो. वर झाडांखाली लोकं बसल्याली, ती म्हणाली, हितं कुणी फिरकलं न्हाई."

"भिजले नव्हते?"

"चार पावलं लांब व्हती, भिजतील कशी? म्याडम, मी पाण्यातला माणूस हाय. मला पाणी शिकवू नगा."

शीला चहा घेऊन आली. ज्योत्स्नाबाईंनी कप तसाच खाली ठेवला.

"थोडं शिकवते," त्या म्हणाल्या. 'तुम्ही' आता संपलं होतं. "तुझं पाणी धरणाचं. पावसाळ्यात भरतं आणि मग महिनोन्‌महिने बोटा-बोटानं उतरतं. सकाळी काठाला ठेवलेली वस्तू संध्याकाळीही काठालाच सापडते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. मंगळवारी सकाळी ओहोटी होती, म्हणून तर तुम्ही बोटीपर्यंत लांबवर चालत गेलात. दुपारी बोट झाडांशी लागली, ती भरती आली म्हणून. सकाळची तुझी चार पावलांची जागा दोन वाजता कमरेइतक्या पाण्याखाली होती. तिथलं धोतर कोरडं राहीलच कसं?"

अमृत घाईनं म्हणाला, "बोटवाल्यानं दुसरीकडं उतरवलं आसंल…"

"कपडे तुझ्या पिशवीत होते. दुपारी ते तू पाण्याजवळ ठेवलेस आणि बोंब ठोकलीस. नाना त्या किनाऱ्यावर कधी आलेच नाहीत."

"भाड्या, मारलास त्यांना!" स्नेहल किंचाळली.

"नाही," ज्योत्स्नाबाईंनी तिचा दंड धरला. "मेलेल्या माणसाच्या अंगातला नंबर कशाला काढून घ्यायचा? याला कपडे समुद्रासाठी नको होते. सदऱ्यावर तुझा नंबर होता म्हणून तो उतरवून घेतला. म्हणजे नाना जिवंत आहेत, आणि कुणी त्यांना तुझ्यापर्यंत पोचवू नये एवढीच याची धडपड होती. शीला, कुठं सोडलंत?"

शीलानं नवऱ्याकडं पाहिलं आणि सांगून टाकलं, "कोल्हापूरच्या अलीकडं… हायवेला देऊळ हाय, तितं अन्नछत्र चालतंय. सोमवारी सांजच्याला पंगतीत जेवाया घातलं आन् पायरीवं बसवलं. ह्यांची जुनी पँट आन् शर्ट घातला. काय करनार? आंथरुणात घाण करायचं. वास येतो म्हणून पावणं तंबू सोडून जायला लागलं व्हतं."

"मी नेत व्हते की त्यांना!" स्नेहल म्हणाली.

"आन् गावात तोंड कसं दाखवायचं मी?" अमृत उसळून म्हणाला.

आजवर ज्योत्स्नाबाईंनी खून पाहिले होते, पण बाप जिवंत असताना डोकं भादरून घेणारा माणूस त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. तोंड दाखवायला हवं म्हणून यानं बापाला बेवारस केलं.

देवस्थानचा नंबर मिळाला. तिकडचा माणूस म्हणाला, "आहेत एक आजोबा. सोमवारपासून पायरीवरून उठायला तयार नाहीत. जेवण तिथंच नेऊन देतो. थांबा, फोन देतो."

ज्योत्स्नाबाईंनी स्पीकर चालू करून फोन स्नेहलच्या हातात दिला.

"नाना! मी स्नेहल!"

"स्नेहू?" आवाज घोगरा होता, पण खुशीत होता. "अगं, अमृत पानी आनाया गेलाय. हितनं उठू नगा म्हनलाय. तू भेटलीस तर सांग त्याला, मी काय उठलो न्हाई."

अमृतनं फोनकडे हात केला. स्नेहलनं फोन त्याच्यापासून दूर ओढला.

"नाना, मी येतेय," ती म्हणाली. "आता उठा."