अंजलीची हाडं

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे घडलं माझ्या मामेबहिणीच्या, चैतालीच्या बाबतीत. इथेच, नाशिकमध्ये, गेल्या मार्गशीर्षात, भर दुपारी. कॉलेजचं नाव तेवढं सांगत नाही.

चैतालीचे यजमान दीपकराव तिथे शरीररचना शिकवतात. त्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको अंजली आजारपणात गेली. तिच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं.

एवढं चैतालीला माहीत होतं.

तरी तिला अंजली सहन व्हायची नाही. सासूबाई भाजीला नावं ठेवताना "अंजली अशी करायची" म्हणायच्या. दीपकराव गप्प बसायचे. ते गप्प बसणंच जास्त झोंबायचं.

त्या दिवशी ते डबा विसरले. चैताली स्कूटीवरून द्यायला गेली. तास चालू होता, म्हणून दाराशीच थांबली.

दीपकराव स्टँडला टांगलेल्या सांगाड्याजवळ उभे होते.

"हाडं म्हणजे नुसता आधार नाही. फासळ्या काळीज जपतात. आतल्या मज्जेत रक्त तयार होतं. आणि मोडलेलं हाड स्वतःला पुन्हा सांधतं. हे मनगट बघा..."

त्यांनी ते मनगट अलगद हातात घेतलं.

"सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर पडली होती."

"सर, तुम्हाला कसं माहीत?" एका मुलीनं विचारलं.

दीपकराव त्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिले.

चैतालीला एकदम आठवलं. घरातल्या एका फोटोत अंजलीच्या हाताला प्लास्टर होतं. मागे सप्तशृंगीचा गड.

म्हणजे हे रोज... रोज तिच्याकडे येतात?

तास संपला. मुलांशी बोलत दीपकराव पलीकडच्या दारानं गेले. चैताली आत शिरली. त्या मनगटावरून फिरणारा त्यांचा अंगठा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपला हात त्यांनी असा कधी धरला होता?

तिनं ते मनगट करकचून पकडलं.

"मेलीस ना? मग सोड की त्यांना!"

आणि हिसका दिला.

सांगाडा गदागदा हलला. हाडावर हाड आपटलं. टक... टक... टक...

मग तो हलायचा थांबला.

आवाज थांबला नाही.

टक... टक...

खालून येत होता. चैतालीनं खाली पाहिलं. मघाशी अधांतरी लोंबणारी पावलं...

फरशीला टेकली होती.

डबा तिथेच टाकून ती पळाली.

घरी पाय धुताना तिच्या लक्षात आलं. पायांत जोडवी नव्हती. साबण लावल्याशिवाय न निघणारी जोडवी! बोटांवर नुसते पांढरे वळ.

संध्याकाळी दीपकराव आले.

"तिच्या पायात जोडवी तू घातलीस?"

"मी? अहो, मी कशाला घालू?"

"निघतच नाहीत. ओढली तर हाड तडकेल असं वाटलं." मग जरा थांबून म्हणाले, "राहू दे आता."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं चैताली मला म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ते तिच्याशी कधी बोललेच नव्हते. आणि तेव्हाही... ते तिच्याशी बोलत नव्हते.

तिनं सराफ बाजारातून नवी जोडवी आणली. सकाळी उठावं तर जोडवी गादीवर पडलेली. पुन्हा घालावी, पुन्हा तेच. आता ती घालतच नाही. कुणी विचारलं तर टोचतात म्हणून सांगते.

मला हे सगळं तिच्या मनाचे खेळ वाटले होते. पण परवा मी त्यांच्याकडे गेले. दिवेलागणीची वेळ होती. दीपकराव आले, चपला काढल्या, पण दार लगेच लावलं नाही. ते हातानं धरून, अंग चोरून, बाजूला उभे राहिले...

कुणाला तरी आत येऊ द्यावं तसे.

मग लावलं.

मी चैतालीकडे पाहिलं. ती त्या बंद दाराकडेच बघत होती.

"माझ्यासाठी कधी दार धरलं नाही गं त्यांनी," ती म्हणाली.