तळाचा रुपया

"मॅडम, आईंना दिसेनासं झालंय. अजिबात."

सोनियाचा फोन ठेवला आणि उपनिरीक्षक शलाकाने ठाण्यातून गाडी काढायला सांगितली. ओळखपरेड परवावर आली होती. तिचा एकमेव साक्षीदार आंधळा झाला होता.

मांजर्लीतल्या त्या घरी ती दुसऱ्यांदा जात होती. पहिल्यांदा गेली तेव्हा गुरुदत्त रस्त्यावर पडला होता. टेम्पोने त्याला उडवलं होतं, आणि मग मागे येऊन पुन्हा चिरडलं होतं. ओट्यावर बसलेल्या त्याच्या आईने, बनूबाईंनी, ड्रायव्हरचा चेहरा समोरून पाहिला होता. संशयावरून पकडलेला ड्रायव्हर तोंड उघडत नव्हता. म्हातारीने ओळखलं नाही तर आपण सुटणार, हे त्याला ठाऊक होतं.

अंगणात तळं होतं. गुरुदत्त आणि धाकटा सुजित लोकांच्या बंगल्यांत शोभेच्या माशांची तळी बांधून देत. हे तळं गिऱ्हाइकांना दाखवायचं. गुरुदत्तने तळाशी एक रुपया टाकून ठेवला होता. काठावर उभं करून गिऱ्हाइकाला विचारायचा, छापा की काटा? मागच्या खेपेला शलाकालाही छापा स्वच्छ दिसला होता.

आज पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवं होतं. मासे दिसत नव्हते. अधूनमधून नुसती तोंडं वर येत होती.

"हे असं कसं झालं?"

"ऑक्टोबर हीट, मॅडम." सुजितने डोक्यावरची टोपी सारखी केली. भावाच्या दहाव्याला त्याने मुंडन केलं होतं. "तसंही बुजवायचंच आहे. जागा बिल्डरला देतोय. दादा असता तर दिली नसती."

"पाणी स्वच्छ ठेवायचं ते यूव्हीचं यंत्र बंद होतं का?"

"एक दिवसही नाही. दादाने बसवल्यापासून आतली ट्यूब बाहेर निघालेली नाही. बघा ना, चालू आहे."

पंप पाणी नळकांड्यात ढकलत होता. आतल्या ट्यूबचा निळसर उजेड फटीतून दिसत होता. नळकांड्यावर पिवळं लेबल होतं : चालू असताना उघडू नये. शेजारी खिळ्याला काळा गॉगल आणि हातमोजे लटकत होते.

बनूबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे सुजून मिटलेले. कपाळ, नाक, गाल सोललेले. पदराखालचे कान मात्र धड.

"आजी, कधीपासून?"

"तेराव्याचे दुसरे दिशी. सुतक फिटला, देवापुढं बसले, आन रातचे डोले पेटले. वालू भरल्यासारके."

"तरी रोज बसता?"

"बसते ना गो बाय. दुखल तवरी जास्त बसते. देव बरा करील." त्यांनी आवाज खाली आणला. "सून थेंब टाकते. त्या थेंबांतच कायतरी हाय."

दारातल्या सोनियाने, सुजितच्या बायकोने, ते ऐकलं. तिने बाटली आणून शलाकाच्या हातात दिली. "तपासून घ्या. मी पहाटेच अंबरनाथला कंपनीत जाते, मॅडम. पूजेला आईंना हात धरून हेच बसवतात."

शलाकाने उल्हासनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"थेंबांनी असं होत नाही," ते म्हणाले. "मी तेव्हाच विचारलं होतं, आजी वेल्डिंगच्या दुकानाशेजारी राहतात का? बुबुळं तशी भाजलीत. आणि रोज नव्याने भाजताहेत."

देवघराला खिडकी नव्हती. देवांच्या वर साधी पांढरी ट्यूबलाइट. पट्टीवर जाड धूळ, ट्यूबवर कणभरही नाही. फोटोचा प्लास्टिकचा हार समोरून पिवळा पडून तडकला होता. मागून गुलाबीच होता.

शलाका आतल्या खोलीत परत आली आणि तिने सुजितला बोलावलं.

"सुजित, टोपी काढा."

"का?"

"काढा."

टाळूवर लाल चट्टे होते आणि कातडीचे पापुद्रे सुटले होते.

"उन्हाने, मॅडम. टकला झालोय ना."

"बाहेर टोपी काढता?"

उत्तर बनूबाईंनी दिलं. "नाय काढत. मीच बजावलाय, केस येयीपरेंत उघड्या डोक्यान उंबरा वलांडू नको."

"मग ऊन लागलं कुठे?"

सुजित दाराकडे वळला, पण तिथे शलाकाबरोबर आलेला हवालदार उभा होता.

"मी सांगते," शलाका म्हणाली. "तळं हिरवं झालं, कारण ट्यूब यंत्रात नव्हतीच. माझ्या येण्याचं कळल्यावर तुम्ही ती परत बसवलीत. पण पाणी एका दिवसात निवळत नाही. मधल्या काळात ती देवघरात होती, तुमच्या आईच्या डोक्यावर. नवी घेतली असती तर दुकानदाराच्या लक्षात राहिली असती. तिचा उजेड दिसायला साधा, निळसर, पण वेल्डिंगसारखा भाजणारा. भाजल्याचं दुखणं काही तासांनी सुरू होतं, म्हणून दिव्यावर कुणाचा संशय गेला नाही. सुतकात देवघराकडे कुणी फिरकत नाही, तेव्हा निवांत बदललीत, पेटवून पाहिलीत. गॉगल, हातमोजे, तोंडाला रुमाल, सगळं सवयीने केलंत. पण डोकं झाकायची सवय नव्हती. जन्मभर केस होते ना."

"पण का?" सोनियाने विचारलं.

"ड्रायव्हर ओळखला गेला असता तर त्याने यांचंच नाव घेतलं असतं."

बाहेर पंपाचं पाणी पडत होतं.

"सुज्या, हिकडं ये."

तो आईपुढे बसला. बनूबाईंनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोटांखाली पापुद्रा सुटला. तो कळवळला. त्यांनी हात उचलला नाही.

"दुखतंय?"

"आई..."

"मना पन दुखला. तू हात धरून बसवायचास तवा."

हवालदाराने त्याला उठवलं. शलाका खाली वाकली. "आजी, परेड पुढे ढकलून घेते. डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्याची आशा नाही. डावा येईल, उजेडापासून जपला तर."

बनूबाईंनी बोटांना चिकटलेली कातडी पदराला पुसली.

"येक पुरं," त्या म्हणाल्या. "डायवरला मागून बघीन. पयला याला उभा करा माज्यापुढं."